पुसलेली भिंत आणि हटकलेली रांग : आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका,
आणि मा. सदस्य, शहर सौंदर्यीकरण समिती.

विषय : पाण्याच्या टाकीच्या संरक्षक भिंतीवरील चित्रे पूर्वसूचनेशिवाय पुसल्याबद्दल, आणि सार्वजनिक जागांवरील सादरीकरणांविषयीचे परिपत्रक मागे घेण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाने दोन कामे केली. रेल्वे फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीच्या संरक्षक भिंतीवरची चित्रे एका सकाळीत चुन्याखाली घातली. आणि त्यानंतर नऊ दिवसांनी परिपत्रक काढून चौक, मंडई, उद्याने व बस स्थानकाचा परिसर येथे कोणत्याही सादरीकरणासाठी तीस दिवस आधी अर्ज, संहितेची प्रत आणि दहा हजार रुपये अनामत बंधनकारक केली. दोन्ही कामे शहराच्या सौंदर्यासाठी व शिस्तीसाठी केल्याचे त्या कागदांवर म्हटले आहे. मी आधी विभागीय कार्यालयात लेखी तक्रार दिली, तिची पोच घेतली आणि पोच घेऊनच घरी आलो. त्यापलीकडे काही घडले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी ते शहराने वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी या शहरात चौतीस वर्षे फलक रंगवून पोट भरलेला माणूस आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, गणेश मंडळांचे देखावे आणि निवडणुकीच्या हंगामात सर्वच पक्षांची चिन्हे मी रंगवली आहेत. पुढे फ्लेक्स आला आणि जे काम मला दोन दिवस पुरायचे ते यंत्रातून दहा मिनिटांत बाहेर पडू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धंदे बुडतात, माणसे दुसरे काही शिकतात. मी मुलांना अक्षरे शिकवू लागलो. निळीत बुडवलेले सूत भिंतीवर दोघांनी ताणून धरायचे, तिसऱ्याने मधोमध चिमटीत धरून सोडायचे आणि भिंतीवर सरळ रेघ उमटायची, एवढ्यावर दहा वर्षांचे मूल किती वेळ खूश राहते हे मी तेव्हा पाहिले. टाकीची भिंत त्यातूनच झाली.

ती भिंत एकशे दहा फूट लांब आणि सात फूट उंच आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिचा उपयोग कशासाठी होत असे, हे त्या रस्त्याने नाक दाबून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो उपयोग थांबवण्यासाठी महापालिकेने तिथे देवादिकांच्या फरश्या बसवल्या होत्या. लोकांनी फरश्या सोडून मधल्या जागा वापरल्या. मग आम्ही तेव्हाच्या प्रभाग अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली, घराघरांतून उरलेल्या रंगाचे डबे गोळा केले, प्रायमरपुरती वर्गणी काढली, बांबूची परांची बांधली आणि त्रेचाळीस मुलांना प्रत्येकी एक चौकट नेमून दिली. कोणी आठवडी बाजार काढला, कोणी टाकीसाठी दगड फोडणारे मजूर काढले. पहाटे रस्ता झाडणाऱ्या आपल्याच सफाई कामगार महिलांचे चित्र दोन मुलींनी त्यांना समोर बसवून काढले. त्यांतल्या एका मावशींनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की काठ हिरवा करा, तो माझ्या चांगल्या लुगड्याचा आहे. एका मुलीला चित्र जमेना. तिने आपल्या चौकटीत फक्त लिहिले, ‘इथे रॉकेलचे डबे घेऊन माझी आजी पाण्यासाठी उभी राहायची.’ अक्षर वाकडे होते. चौतीस वर्षांच्या सवयीने माझा हात ते सरळ करायला शिवशिवला होता. मी तो आवरला, याचे मला आज समाधान आहे.

त्यानंतर त्या भिंतीपाशी कोणी आडोसा शोधला नाही. एक भाजीवाली तिथे बसू लागली, मग दुसरी. यासाठी महापालिकेचा एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

आता माझे आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप असा की चित्रे पुसण्यापूर्वी कोणालाही कळवले गेले नाही. ठेकेदाराचा माणूस सकाळी सातला चुन्याची पिंपे घेऊन आला. मी पोहोचलो तेव्हा निम्मी भिंत पांढरी झाली होती आणि तो बिचारा ‘दादा, वरून ऑर्डर आहे’ एवढेच म्हणत होता. त्याच्याशी माझे भांडण नाही. आमच्याकडे लेखी परवानगी होती. ती रद्द केल्याचे पत्र आम्हाला आजतागायत मिळालेले नाही. भिंत महापालिकेच्या मालकीची आहे, हे मला मान्य आहे. पण भिंतीची मालकी आणि भिंतीवरच्या कृतीचा कर्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा भेद आपल्या देशातील न्यायालयाने केलेला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. ते सरकारने करवून घेतलेले होते, म्हणजे मालकी निःसंशय सरकारची. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढून भांडारात टाकण्यात आले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ चा आधार घेऊन कलाकाराचा नैतिक हक्क, म्हणजे मालकी दुसऱ्याची असली तरी आपल्या कृतीची नासधूस होऊ न देण्याचा हक्क, मान्य केला, पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि उरलेले शिल्प त्यांना परत करण्याचा आदेश दिला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या संमतीने तिच्या भिंतींवर वर्षानुवर्षे ग्राफिटी रंगवली जात होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत ती पांढरी करून टाकली. इमारत त्याचीच होती, तरी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला एकवीस कलाकारांना सुमारे ६७ लाख डॉलर देण्यास लावले. आमच्या त्रेचाळीस मुलांना भरपाई नको आहे आणि त्यांची चित्रे सहगलांच्या शिल्पाच्या तोडीची होती, असा माझा दावाही नाही. पुसण्यापूर्वी एक पत्र पाठवावे, चित्रांची छायाचित्रे घेण्यापुरती आठ दिवसांची सवड द्यावी, एवढी रीत कोणत्याही कायद्याविना पाळता आली असती.

चित्रे कायम राहावीत, असे मी म्हणत नाही. मी रंगारी आहे; चार पावसाळ्यांत रंगाचे काय होते, पोपडे कुठून धरतात, हे मला आपल्या अभियंत्यांपेक्षा जरा जास्तच माहीत आहे. भिंतीची डागडुजी करायची होती, गळती होती, असे काही कारण असते तर आम्हीच खरवडायला आलो असतो. तसे काही नव्हते. चुना वाळल्यावर तिसऱ्या दिवशी त्यावर साच्याने एक घोषणा छापण्यात आली. तीच घोषणा शहरात आणखी निदान वीस भिंतींवर आहे, खाली ठेकेदाराचा मोबाईल क्रमांक आहे आणि घोषणेतला ‘स्वच्छ’ हा शब्द ‘स्वछ’ असा लिहिलेला आहे. मुलांच्या शाळेच्या वाटेवर, एकशे दहा फुटांत चार वेळा.

दुसरा आक्षेप कायद्याच्या वापराविषयी आहे. तक्रार घेऊन गेलो तेव्हा मला तोंडी सांगण्यात आले की भिंतींवर काहीही रंगवणे हे मालमत्तेचे विद्रूपीकरण आहे आणि त्यासाठी १९९५ चा राज्याचा कायदा आहे. कायदा आहे, हे खरे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. पण मी आपल्या कार्यालयापासून टाकीपर्यंत चालत आलो, तेव्हा वाटेत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, निवडीबद्दलच्या अभिनंदनाचे आणि क्लासेसच्या गुणवंतांचे किती फलक विजेच्या खांबांना आणि झाडांना बांधलेले होते, ते मोजता मोजता मी सोडून दिले. सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध कारवाईचे स्पष्ट आदेश दिले होते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मेली. भिंतीवरच्या चित्राखाली चेंगरून कोणी मेल्याचे मी ऐकलेले नाही. विद्रूपीकरणाचा कायदा वापरायचाच असेल तर तो सर्वांत मोठ्या आणि धोकादायक वस्तूपासून खाली वापरत यावा. आपण तो मुलांच्या चौकटीपासून वर नेण्यास सुरुवात केली आहे आणि तो वर फारसा जाईल, असे दिसत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भिंतीवर उमटलेले सर्वच काही कला नसते. जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ मध्ये अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, दीड-दोन हजार वर्षे जुन्या चित्रांवर आपले नाव खरडले. ते आजही दिसते, आणि आपल्या गडकोटांच्या दगडांवर बदामात नावे कोरणारी मंडळी त्याचेच वारस आहेत. दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर त्याला न विचारता फवारा मारून जाणे हेही मला मान्य नाही, मग ते कितीही बंडखोर वाटो. मराठी वाचकाला ‘ग्राफिटी’ म्हटले की वर्तमानपत्रातली विटांच्या चौकटीतली एका ओळीची कोटी आठवते आणि पोलिसांना तोच शब्द ऐकून गुन्हा आठवतो. या दोहोंच्या मधे बरेच काही आहे. ज्या भिंतीला वाली नाही, जिचा उपयोग घाणीखेरीज कशालाच होत नाही, तिच्यावर आसपासच्या लोकांनी संमतीने आपल्या वस्तीबद्दल काही सांगणे, ही त्यांतली एक गोष्ट आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत भिंती बोलत होत्या, त्या मजकुराला आज कोणी विद्रूपीकरण म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप परिपत्रकाविषयी आहे आणि तो मला सर्वांत जास्त लागलेला आहे.

भिंत पुसल्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मंडईत एकतीस मुली व बायका एकेक करून आल्या आणि मागच्या बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात एकीमागे एक अशा रांगेत उभ्या राहिल्या. त्यांत माझी पुतणी होती. हातात फलक नव्हता, तोंडात घोषणा नव्हती, ध्वनिक्षेपक नव्हता. रांगेच्या तोंडाशी दारच नव्हते. गंजलेल्या लोखंडी पायांवर उभी असलेली एक पाटी तेवढी होती, ‘नियोजित महिला स्वच्छतागृह’. पुढची बाई पाटीपर्यंत जाई, दार वाजवल्यासारखे करी, क्षणभर थांबून परत रांगेच्या शेवटी येऊन उभी राही. भाजी घ्यायला आलेल्या काही बायका न सांगता रांगेत सामील झाल्या. सहा मिनिटांनी सगळ्या जणी पांगल्या. कोणाची वाट अडली नाही, कोणाचा गाळा झाकला गेला नाही. ती पाटी, महोदय, मी रंगवली होती, आठ वर्षांपूर्वी. तिचे बिल मला वेळेवर मिळाले, याबद्दल मी ऋणी आहे. पण ‘नियोजित’ हा शब्द आता इतका फिका झाला आहे की दुरून पाहणाऱ्याला तिथे स्वच्छतागृह बांधलेले असल्याचा भास व्हावा.

चौथ्या दिवशी पुतणीला आणि तिच्या पाच मैत्रिणींना नोटिसा आल्या. ‘विनापरवाना जमाव जमवून रहदारीस अडथळा केल्याबद्दल’ खुलासा मागवण्यात आला होता आणि जमावबंदीच्या आदेशाचा उल्लेख होता. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे असे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे असतात आणि एक संपला की दुसरा निघत राहतो. वर्षाचे कितीतरी महिने आपण सगळेच कागदोपत्री जमावबंदीत जगत असतो आणि लग्नाच्या वरातीही निघतात. हा आदेश कोणासाठी जागा होतो आणि कोणासाठी झोपतो, हे ठरवण्याची मुभा कार्यालयाकडे राहते. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच अनुच्छेदात आहे. सहा मिनिटांच्या मुक्या रांगेवर कोणता निर्बंध वाजवी ठरेल, ते आपण सांगावे.

असे एकाएकी जमून, काही करून, लगेच पांगण्याच्या प्रकाराला मुली फ्लॅश मॉब म्हणतात. नावातच ‘मॉब’ असल्यामुळे निम्मे नुकसान झाले आहे, असे मला वाटते, कारण आपल्याकडे जमाव म्हटले की दगड आठवतो. हा प्रकार २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. एका मासिकाचे संपादक बिल वासिक यांनी लोकांना निनावी निरोप पाठवून एका मोठ्या दुकानाच्या नवव्या मजल्यावर गोळा केले. शंभरावर माणसे एका महागड्या गालिच्याभोवती उभी राहून त्याविषयी गंभीरपणे चौकशी करू लागली आणि थोड्या वेळाने निघून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत, हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये काही तरुणांनी तसाच खेळ केला, आणि पोलिसांनी त्यानंतर अशा जमावांना मनाई केली. म्हणजे आपले परिपत्रक नवे नाही. पण त्याच मुंबईत २७ नोव्हेंबर २०११ रोजी, तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, दोनशेहून अधिक लोक संध्याकाळच्या गर्दीत एकाएकी एका हिंदी चित्रपटगीतावर पाच मिनिटे नाचले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला आदल्याच दिवशी तीन वर्षे झाली होती आणि त्या फलाटांवर काय घडले होते, हे नाचणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना सारखेच ठाऊक होते. एका तरुणीने रेल्वेची परवानगी मिळवून हे घडवले. देशातल्या सर्वांत संवेदनशील स्थानकांपैकी एका स्थानकाच्या अधिकाऱ्यांना जे सोसले, ते आपल्या मंडईच्या मागच्या कोपऱ्याला का सोसू नये?

परिपत्रकातली प्रत्येक अट या प्रकाराच्या मुळावर येते. तीस दिवस आधी अर्ज केला तर पाहणाऱ्याला आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही. दहा हजारांची अनामत कंपनी भरू शकते, अकरावीतली मुलगी नाही. म्हणजे उद्या मोबाईल विकण्यासाठी भाड्याच्या नर्तकांनी चौकात धिंगाणा घातला तर तो रीतसर ठरेल. (तसे धिंगाणे मी पाहिले आहेत, आणि ते मला जाहिरातीहून वेगळे वाटलेले नाहीत.) आणि संहितेची प्रत! मुक्या रांगेची संहिता काय लिहावी, हे मी बरीच रात्र विचार करूनही ठरवू शकलो नाही. माझ्या लहानपणी या शहरात बहुरूपी येत असत. पोलिसाचा वेष करून ते दुकानात शिरत, वजनकाट्यावरून वाण्याला खोटे दटावत, गर्दी जमली की स्वतःच हसत आणि दोन आणे घेऊन पुढच्या गल्लीत जात. पहाटे वासुदेव दारात उभा राही, त्यालाही कोणी मुदतीची अट घातली नव्हती. लोकमान्यांनी गणपती घरातून मांडवात आणला, त्याचे सार रस्त्यावर एकत्र येण्यातच होते. त्या मांडवांना आपण आजही सवलतीच्या दरात जागा देता. द्याव्यात, मी स्वतः त्यांचे पडदे रंगवले आहेत. मग सहा मिनिटांना दहा हजार कोणत्या हिशेबाने?

चौथा मुद्दा सौंदर्यीकरणाच्या खर्चाचा. तो लवकर आटोपतो, कारण आकडे आपल्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. उड्डाणपुलाच्या खांबांवर आपण वारली चित्रे काढून घेतली आहेत. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य; तारपानृत्याचा फेर ते वाजवणाऱ्याभोवती वळत जातो. आपल्या खांबांवर फेर आहे आणि तारपा वाजवणारा कुठेच नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती काढणारी माणसे पालघर जिल्ह्यात आजही घरोघर आहेत. त्यांच्यापैकी एकालाही बोलावले असते, तर ही चूक झाली नसती. ठेकेदाराने निविदेत ‘चौरस फूट’ भरून दिले, आणि तेवढेच आपल्याला मिळाले.

याच राज्यात याहून बरे झालेले आहे. माहीम ते दादर रेल्वेच्या बाजूने जाणाऱ्या तुळशी पाइप रोडच्या भिंतीवर २००९ च्या ऑगस्टमध्ये शेकडो सामान्य नागरिकांनी पालिकेच्या संमतीने चित्रे काढली. त्यांतली बरीचशी कच्ची होती, आणि तीच त्यांची गंमत होती. पुण्याच्या कसबा पेठेत २०१२ मध्ये जुन्या भिंतींवर चित्रे झाली. वांद्र्याला टेलिफोन निगमच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके उभे राहिले. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकमध्ये झालेल्या कलाप्रकल्पात तिथे मासळी सोलणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसांचे चेहरे भिंतींवर मोठे करून लावले गेले; ज्या बंदराकडे शहर नाक मुरडून पाहत असे, तिथे लोक मुद्दाम गेले. या प्रयत्नांवरही टीका होते. रंगकंपन्यांचा पैसा येतो, फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते आणि कधी कधी वस्ती आपल्याच गल्लीत पाहुणी होते. ही टीका मला पटते. आपल्या शहरात मात्र टीका करण्याजोगे काही घडण्याआधीच चुना येतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. मंडईतील रांगेसंबंधीच्या सहाही नोटिसा लेखी मागे घ्याव्यात.

२. परिपत्रक रद्द करावे. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळाच्या, ध्वनिक्षेपक व मांडव नसलेल्या, विक्री किंवा जाहिरात न करणाऱ्या सादरीकरणासाठी परवानगी नव्हे, फक्त सूचना पुरेशी असावी. तीही एक दिवस आधी, अनामत व संहितेविना. रुग्णवाहिकेची वाट, जिने आणि दरवाजे मोकळे ठेवण्याची अट जरूर घालावी; ती न पाळणाऱ्यावर कारवाई करावी.

३. प्रत्येक प्रभागात निदान एक भिंत नागरिकांसाठी मोकळी ठेवावी, तिच्यावर तसे लिहावे आणि तिथल्या मजकुराची पूर्वतपासणी करू नये. द्वेष पसरवणारे किंवा एखाद्याची बदनामी करणारे काही आढळले तर कायदा आहेच.

४. संमतीने काढलेले कोणतेही चित्र पुसण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना, कारणासह, काढणाऱ्यांना द्यावी आणि छायाचित्रे घेऊ द्यावीत. टाकीच्या भिंतीबाबत ही रीत का पाळली नाही, याचा खुलासा करावा.

५. विद्रूपीकरणाच्या कायद्याखाली गेल्या वर्षभरात बेकायदा फलकांवर किती कारवाया झाल्या आणि भिंतचित्रांवर किती, हे प्रभागनिहाय जाहीर करावे.

६. मंडईतले महिला स्वच्छतागृह बांधावे. या मागणीचा पत्राच्या विषयाशी संबंध नाही, असे वाटल्यास तिसरा आक्षेप पुन्हा वाचावा.

टाकीची भिंत पुन्हा रंगवण्याची आमची तयारी आहे. मुले तेव्हापेक्षा तीन वर्षांनी मोठी झाली आहेत, काहींचे हात आता परांचीवर माझ्यापेक्षा स्थिर आहेत, आणि रंगाचे डबे मिळतील. पण त्यासाठी आपला लेखी होकार लागेल आणि तो कधी मुदतीविना रद्द होणार नाही, अशी हमी लागेल. एकदा फसलेल्या मुलांना दुसऱ्यांदा सूत धरायला बोलावणे मला एरवी जमणार नाही.

हा निर्णय होईपर्यंत एका छोट्या कामाची परवानगी मात्र लगेच द्यावी. त्या भिंतीवरच्या चारही ‘स्वछ’मधला राहिलेला अर्धा ‘च’ मला घालू द्यावा. रंग आणि ब्रश माझा. अर्धा तास पुरे.

आपला,
एक फलक रंगवणारा,
पाण्याच्या टाकीमागची आळी